'वाऱ्याची लेकरं': जिप्सी जॅझवरचा माहितीपट येतोय!

सेनकाठची | १५ सप्टेंबर २०१२

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारणही तसंच आहे. पुढच्या महिन्यात इथे फ्रान्समध्ये 'ले फिस द्यु व्हाँ' नावाचा माहितीपट थिएटरात लागतोय. नावाचा अर्थ 'वाऱ्याची लेकरं'. दिग्दर्शक ब्रुनो ल जाँ. विषय जिप्सी जॅझ, म्हणजे इथे ज्याला 'जॅझ मानूश' म्हणतात ते. आणि त्यात चार गिटारवाले आहेत: अँजेलो दबार, चावोलो श्मिट, निनिन गार्सिया आणि मोरेनो.

ही चार नावं एकत्र वाचली आणि राहवेना. या संगीतावर आजवर जे दाखवलं गेलं, लिहिलं गेलं, ते बहुतेक सगळं जँगो राइनहार्टभोवती फिरतं. जँगो थोर होता, त्यात वादच नाही. पण तो १९५३ साली गेला, साठ वर्षं होत आली. त्याच्यामागे हे संगीत ज्यांच्या घरात नांदलं, ज्यांनी ते कसलीही वही-पुस्तकं न वापरता पोरांच्या हाती दिलं, ती माणसं आज आहेत, वाजवताहेत. त्यांच्याकडे कॅमेरा फारसा वळत नाही. आता वळलाय.

मला हे संगीत कसं भेटलं ते सांगते. पॅरिसला आले त्या वर्षीची गोष्ट. चार नंबरच्या मेट्रोनं अगदी टोकाला, पोर्त द क्लिन्याँकूरला उतरायचं, रिंगरोडच्या पुलाखालून पलीकडे गेलं की सँत-उआँचा जुना बाजार लागतो. मुंबईचा चोरबाजार आठवतो, पण पसारा कितीतरी मोठा. तिथे रू दे रोझिएवर 'ला शोप दे प्यूस' नावाचा बार आहे. शनिवार-रविवार दुपारी तिथे गिटारी वाजतात. निनिन आणि त्याचे वडील मोंदिन गार्सिया यांची ती जागा. मोंदिन २०१० साली वारले.

त्या दिवशी आत शिरायलाही जागा नव्हती. मी दारात उभी, आणि समोर सगळ्यांत जवळ होता तो ठेका धरणारा. त्याचाच हात बघत बसले. पहिल्या मात्रेला पंजा फक्त खालच्या सुरांच्या जाड तारांवर हलकेच पडायचा. दुसऱ्या मात्रेला सहाही तारांवरून झटकन खाली, आणि त्याच क्षणी डावा हात दाब सोडायचा. तार दाबलेली राहत नाही, बोट नुसतं टेकलेलं राहतं. सूर उमटतो आणि तिथंच मिटतो. ढोल नाही, झांजा नाही, पण पाय आपोआप हलायला लागतात.

आणि त्याच्या शेजारी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याला कुणी काही सांगत नव्हतं, तो काही विचारत नव्हता. दोन तास तो फक्त डाव्या हाताकडे बघत होता.

मला या सिनेमात तो मुलगा बघायचा आहे. तोच असं नाही, पण त्याची ती जागा. तुम्हाला काय बघायचंय?

---

तारसप्तक | १५ सप्टेंबर २०१२

सेनताई, मनापासून आभार! पुण्यात बसून या विषयावर बोलायला माणूस मिळत नाही.

तुम्ही ज्या ठेक्याचं वर्णन केलंय त्याला ते लोक 'ला पाँप' म्हणतात. पाँप म्हणजे पंप. विहिरीवरचा हातपंप डोळ्यांपुढे आणा, खाली-वर. मी तीन वर्षं घासतोय. सुरुवातीला वाटलं, यात काय, नुसते कॉर्ड तर धरायचेत. पण मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत पाच मिनिटं अखंड, एकाही मात्रेला दम न लागता, आणि सोलो वाजवणाऱ्याला आपण आहोत हे जाणवूही न देता तो ठेका धरणं म्हणजे तबल्याला साधा तीनताल रात्रभर धरून बसण्यासारखं आहे. ज्यांनी धरलाय त्यांना विचारा.

उजव्या हाताची ती वेगळीच दुनिया आहे. मनगट वाकलेलं, तळवा गिटारीला टेकलेला नाही, हवेत. तार छेडली की प्लेक्ट्रम (तार छेडायचा छोटा तुकडा) पुढच्या तारेवर जाऊन टेकतं. आणि तार बदलली की पुन्हा वरून खालीच मारायचं, आधीचा फटका खालचा असला तरी. नेहमीच्या खाली-वर, खाली-वर पद्धतीच्या हे बरोब्बर विरुद्ध. माझ्या पहिल्या मास्तरांनी (नाव नको) माझं मनगट दोन वर्षं सरळ केलं आणि मी पुढचं एक वर्ष ते परत वाकवण्यात घालवलं. प्लेक्ट्रमसुद्धा तीन-साडेतीन मिलिमीटर जाड लागतं. मी नारळाच्या करवंटीचं घासून बनवलंय, आवाज खणखणीत येतो.

मला एवढंच हवंय की कॅमेऱ्यानं हातावर थांबावं. अशा फिल्ममध्ये नेहमी हेच होतं: सोलो ऐन रंगात येतो आणि चित्र जातं डोळे मिटलेल्या चेहऱ्यावर, नाहीतर खिडकीबाहेरच्या झाडांवर. अहो, चेहरा नंतर दाखवा, आधी तो हात बघू द्या!

---

निशिगंध७ | १६ सप्टेंबर २०१२

वाचतेय. धागा फार आवडला, पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. जिप्सी जॅझ म्हणजे नक्की काय? जँगो कोण? पहिल्यापासून कुणी सांगेल का?

---

सेनकाठची | १६ सप्टेंबर २०१२

निशिगंध, सांगते ना. असे प्रश्न आले की धागा काढल्याचं समाधान वाटतं.

जँगो राइनहार्ट, जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधलं लिबर्शी गाव. घर म्हणजे घोड्यानं ओढायची गाडी. मानूश, म्हणजे इकडच्या जिप्सींचं, कुटुंब. हे लोक पॅरिसच्या वेशीवर, जिथे शहर संपतं आणि कुणाची मालकी नीट नाही अशा पट्ट्यात गाड्या लावून राहायचे. बाराव्या-तेराव्या वर्षापासून तो नाचाच्या अड्ड्यांवर अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बँजो वाजवत होता. शाळा नाही. सही कशीबशी करायचा. नोटेशन त्याला शेवटपर्यंत वाचता आलं नाही.

१९२८ च्या नोव्हेंबरात गाडीला आग लागली. त्याची बायको बेला सेल्युलॉइडची फुलं करून विकायची, गाडी त्या फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ठिणगी पडली. अठरा वर्षांचा होता तो. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका आखडली ती कायमची. दीड वर्ष अंथरुणात. उठला तो दोन बोटांनी गिटार वाजवायला शिकून. सोलो सगळा तर्जनी आणि मध्यमेवर, आखडलेली दोन बोटं फक्त काही कॉर्डांना वरच्या तारांवर टेकवायला.

१९३४ साली पॅरिसच्या क्लारिज हॉटेलात तो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली एकाच बँडमध्ये होते. नाचाच्या मधल्या सुटीत पडद्यामागे दोघं सहज वाजवायला लागले, त्यातून 'हॉट क्लब द फ्रान्स'चा पंचक उभा राहिला. एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक डबल बास. ड्रम नाही, पियानो नाही, तुतारी नाही. सगळं तारांवर. तिसरी गिटार कशी आली त्याची गोष्ट मला फार आवडते: जँगो म्हणाला, स्तेफान वाजवतो तेव्हा त्याच्यामागे दोन गिटारी असतात, मी वाजवतो तेव्हा माझ्यामागे एकच. म्हणून त्याच्या भावाला, जोसेफला, बोलावलं.

अमेरिकेत जन्मलेलं जॅझ, पॅरिसच्या नाचघरातले वॉल्ट्झ आणि मानूश लोकांचा तारांवरचा हात, असं ते रसायन. १९३९ साली महायुद्ध जाहीर झालं तेव्हा मंडळी लंडनमध्ये होती. जँगो तडक पॅरिसला परतला, ग्रापेली तिथंच राहिला. पंचक तुटला. १९४६ पर्यंत दोघांची गाठ नाही.

ऐकायचं असेल तर आधी १९३७ चं 'मायनर स्विंग' ऐका. तीनच कॉर्ड आहेत जवळजवळ, पण शेवटपर्यंत उत्सुकता संपत नाही. मग १९४० चं 'नुआज', म्हणजे ढग. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये लोक ते गुणगुणायचे.

---

मांडवी | १७ सप्टेंबर २०१२

माझे आजोबा व्हायोलिन वाजवायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) शिकले, तिथून मुंबईला, आधी हॉटेलांचे बँड आणि मग सिनेमाचे ऑर्केस्ट्रा. घरी ग्रापेलीची एक रेकॉर्ड होती, ती लावली की घरात कुणी बोलायचं नाही असा दंडक.

तुम्ही जँगोला नोटेशन येत नव्हतं म्हणालात त्यावरून आठवलं. आमच्या लोकांचं अगदी उलट. गोव्याच्या वादकांना मुंबईच्या स्टुडिओत काम मिळालं तेच कागदावरचं झरझर वाचता येतं म्हणून. सकाळी कागद समोर आला की दुपारी रेकॉर्डिंग. आजोबा म्हणायचे, "हो गिटारवालो कागद बघिना, पूण ताका सगळें दिसता." ते कौतुकानं म्हणायचे, आणि त्यात थोडी हुरहूरही असायची. कागदाबाहेर जायला त्यांना स्टुडिओत कधी मिळालं नाही.

ग्रापेलीही सुरुवातीला मूकपटांच्या थिएटरात पडद्यासमोर बसून वाजवायचा, पोरवयात. म्हणजे तो आमच्या आजोबांच्या बिरादरीतला. जँगो आणि तो, दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेली माणसं, म्हणून ती जोडी ऐकताना एक नीटनेटका आणि एक वादळी असं वाटतं.

सिनेमात व्हायोलिनवाले आहेत का? चारही गिटारवालेच दिसताहेत. तेवढं खटकलं.

---

तारसप्तक | १७ सप्टेंबर २०१२

मांडवीताई, आजोबांचं वाक्य काळजात गेलं. ग्रापेली आणि आपले व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांनी एकत्र केलेलं 'कॉन्व्हर्सेशन्स' मिळालं तर जरूर ऐका.

---

भाषावेडी | १८ सप्टेंबर २०१२

संगीतातलं मला फार कळत नाही, पण 'मानूश' या शब्दावर थांबल्याशिवाय पुढे जाववेना.

मानूश म्हणजे माणूस. खरोखर तोच शब्द. ते लोक स्वतःला 'माणूस' म्हणवतात. त्यांची रोमानी ही आपल्या भाषांच्या कुळातली भाषा आहे, आणि हे १७८० च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी शब्द ताडून दाखवलं. सुमारे हजार वर्षांपूर्वी यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले. पाणी म्हणजे पानी, नाक म्हणजे नाक, कान म्हणजे कान, रात म्हणजे रात. मीठ म्हणजे लोन, आपल्या लोणच्यात बसलेलं तेच लोण.

आता गंमत बघा. आपल्या घ, भ, ध चा त्यांच्याकडे ख, फ, थ होतो. घर झालं खेर. भाऊ झाला फ्राल, बहीण झाली फेन. दूध झालं थूद. आणि घाम झाला खाम, पण खाम म्हणजे सूर्य! संस्कृत 'घर्म' म्हणजे ऊन, उष्मा. आपण त्यातून अंगावर येणारा घाम ठेवला, त्यांनी वरचा सूर्य ठेवला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

मोजताना एक, दुई, त्रीन, श्तार, पांच, शोव असं जातात, आणि सात-आठ-नऊ मात्र ग्रीक: एफ्ता, ओख्तो, एन्या. चालता चालता रस्त्यात उचललेले आकडे.

जँगो या नावाचा अर्थही 'मी जागा होतो' असा सांगतात. जागणे, जाग, तेच मूळ.

---

अनवट | १८ सप्टेंबर २०१२

व्वा! म्हणजे त्यांचं संगीतही मुळात आपलंच म्हणायचं की! ते जे तान घेतल्यासारखं वाजवतात ते रागदारीतूनच गेलं असणार.

---

भाषावेडी | १८ सप्टेंबर २०१२

अनवटजी, भावना समजते, पण इथे मी नम्रपणे असहमत आहे. भाषा घरात बोलली जाते म्हणून टिकली. संगीत ते जिथे गेले तिथलं वाजवत आले. हंगेरीत हंगेरीचं, स्पेनमधल्या आंदालुसियात फ्लामेंको, पॅरिसमध्ये अ‍ॅकॉर्डियनचे वॉल्ट्झ आणि मग जॅझ. शिवाय रागदारीचं आजचं रूपही ते निघून गेल्यानंतर कित्येक शतकांनी घडलं. हजार वर्षं रस्त्यावर काढून, जिथे जावं तिथलं संगीत तिथल्यांपेक्षा सरस वाजवणं हे त्यांचं कर्तृत्व आहे. ते आपल्या खात्यावर जमा करायला नको.

---

सेनकाठची | १९ सप्टेंबर २०१२

भाषावेडी, तुमचे दोन्ही प्रतिसाद छापून ठेवतेय.

साम्य शोधायचंच तर ते सुरांत नको, शिकण्याच्या रीतीत शोधू. आपल्याकडे गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसायचं, वर्षानुवर्षं, तसं तिथे ठेका धरून बसायचं. आधी पाँप. काकाच्या मागे, थोरल्या भावाच्या मागे. हात भरून येईपर्यंत. मग कधीतरी कुणीतरी मान हलवून म्हणतं, आता तू घे. बिरेली लाग्रेन या गिटारवाल्याचा पहिला अल्बम आला तेव्हा तो अवघा तेरा-चौदा वर्षांचा होता, त्याचं रहस्य यात आहे. लोक 'बालचमत्कार' म्हणतात. त्या पोरानं तोवर दहा वर्षं काढली होती गिटारीबरोबर.

म्हणून या चार जणांत चावोलो श्मिट आहे याचा मला विशेष आनंद आहे. टोनी गात्लिफच्या २००२ च्या 'स्विंग' या सिनेमात तो एका लहान मुलाला गिटार शिकवणाऱ्या माणसाच्या भूमिकेत होता. ती कथा होती. आता त्याचं स्वतःचं बघायला मिळेल.

---

अरण्यवाट | २१ सप्टेंबर २०१२

संगीतावर भरपूर झालं, मी थोडं वेगळं लिहितो. 'जिप्सी' म्हटलं की आपल्या पिढीला पाडगावकर आठवतात. मनात दडलेला, कुठेच न रमणारा तो जिप्सी. ती कविता माझीही लाडकी आहे. पण खऱ्या फिरस्त्यांच्या वाट्याला जे आलं त्यात रमण्यासारखं काही नव्हतं, आणि माहितीपटाचं नाव 'वाऱ्याची लेकरं' वाचून मला तीच भीती वाटली. वाऱ्याचं लेकरू म्हटलं की त्याच्या घराचा प्रश्न आपोआप पुसला जातो.

फ्रान्समध्ये १९१२ साली कायदा झाला. फिरस्त्या माणसाला, वयाच्या तेराव्या वर्षापासून, स्वतःचं एक पुस्तक बाळगावं लागे. त्यात फोटो, बोटांचे ठसे, डोक्याची आणि शरीराची मापं. गावात शिरताना शिक्का, निघताना शिक्का. हे वाचताना मला आपला १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवला. सोलापूरच्या सेटलमेंटमधली तारेची कुंपणं, पारधी-कैकाडी घरांतल्या माणसांनी रोज द्यायची हजेरी. इंग्रज गेले तरी तो कायदा १९५२ पर्यंत होता. माझं शिक्षकाचं पहिलं पोस्टिंग त्या वस्तीजवळ होतं. म्हातारी माणसं अजून 'तारेच्या आतले' आणि 'तारेच्या बाहेरचे' असं बोलायची.

आणि महायुद्धात फ्रान्समध्ये सुमारे ६,५०० फिरस्त्यांना छावण्यांत डांबलं. माँत्रय-बेले ही त्यातली सर्वांत मोठी. देश १९४४ साली मुक्त झाला, शेवटची माणसं सुटली १९४६ मध्ये. जँगोनं १९४३ साली स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला, आधी पकडला गेला, नंतर सीमेवरून परत पाठवला गेला. तो प्रसिद्ध होता म्हणून वाचला.

सिनेमात हे सगळं यावं असं नाही. पण गाडीच्या पायरीवर बसून गिटार वाजवणारा माणूस दाखवाल, तर ती गाडी तिथे किती दिवस उभी राहू शकते हेही दाखवा.

---

निशिगंध७ | २१ सप्टेंबर २०१२

अरण्यवाट सर, हे काहीच माहीत नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझा अजून एक प्रश्न. एवढ्या प्रतिसादांत बाई एकच आली, बेला. तीही फुलं करणारी, आणि त्या फुलांना आग लागली म्हणून. या घराण्यांत बायका वाजवत नाहीत का?

---

सेनकाठची | २२ सप्टेंबर २०१२

निशिगंध, अगदी हाच प्रश्न मी बारमध्ये एका बाईंना विचारला होता. गिटारवाल्याच्या घरातल्याच होत्या. त्या म्हणाल्या, घरी सगळ्या गातात. मग थोडं थांबून, "घरी."

मंचावर बायका कमीच, हे खरं. जँगोची आई लॉरान्स नाचायची, लोक तिचं नाव काढत. आणि बेलाची फुलं हा त्या घराचा रोजचा पैसा होता, हे आगीच्या गोष्टीत नेहमी विसरलं जातं. दुसऱ्या दिवशी स्मशानात विकायला म्हणून ती फुलं करून ठेवली होती. माहितीपटात कॅमेरा जर खरोखर घरात गेला असेल, तर त्या 'घरी गाणाऱ्या' ऐकू याव्यात ही माझी दुसरी इच्छा.

अरण्यवाट, तुमच्या प्रतिसादावर काय लिहू? नावाबद्दलची तुमची शंका मलाही होती, ती तुम्ही स्पष्ट केलीत. २०१० च्या उन्हाळ्यात इथल्या राष्ट्राध्यक्षांनी फिरस्त्यांच्या तळांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा मी इथेच होते. त्या आठवड्यातही बारमध्ये गिटारी वाजल्या. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारी उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि मला पहिल्यांदाच त्या टाळ्या अपुऱ्या वाटल्या.

---

तारसप्तक | २४ सप्टेंबर २०१२

एका गोष्टीवर सेनताईंशी वाद घालतो, राग नसावा. तुम्ही म्हणता जँगो पुरे, आताच्यांना दाखवा. पण निशिगंधसारखा नवा प्रेक्षक येतो तेव्हा त्याला ती आगीची गोष्टच आत ओढते. मलाही तिनंच ओढलं. मी सोळा वर्षांचा होतो, हाताला प्लास्टर होतं, आणि कुणीतरी सांगितलं की एका माणसानं दोन बोटांनी जग जिंकलं. ती गोष्ट नसती तर मी आज पाँप घासत बसलो नसतो.

---

सेनकाठची | २४ सप्टेंबर २०१२

राग कसला? तुमचं म्हणणं पटतं. माझा मुद्दा असा की ती गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणं अवघड आहे, आणि त्याला कारण आहे.

मानूश लोकांत गेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीत. नाव घेत नाहीत. त्याच्या वस्तू जाळतात, पूर्वी त्याची गाडीही जाळत. त्याला आवडणारा पदार्थ घरचे खात नाहीत. पॅट्रिक विल्यम्स या मानववंशशास्त्रज्ञानं यावर फार सुंदर लिहिलंय, आणि तो जँगोच्या संगीताचाही अभ्यासक. आदर म्हणजे मौन. आता विचार करा, अशा लोकांसमोर कॅमेरा ठेवून 'तुमच्या वडिलांबद्दल सांगा' म्हणायचं! जँगोच्या आख्यायिका ज्यांनी रंगवून सांगितल्या ते बहुतेक बाहेरचे. घरचे काय करतात? वाजवतात. त्याचे सूर वाजवणं ही त्यांची बोलण्याची रीत. म्हणून ज्या माहितीपटात माणसं कमी बोलतील तो मला जास्त खरा वाटेल.

त्याची गिटार, सेल्मर कंपनीची ५०३ नंबरची, पॅरिसच्या संगीत संग्रहालयात काचेत आहे. त्याच्या दुसऱ्या बायकोनं, नागीननं दिली. सुंदर आहे. पण काचेत आहे. मला बारमधली, वार्निश उडालेली जास्त आवडते.

बाय द वे, तो खोक्यावरचा मुलगा. गेल्या महिन्यात गेले होते तर ठेका धरायला तोच बसला होता. मिसरूड नाही फुटलंय अजून. मनगट पाहिलं आणि ओळखलं.

---

मांडवी | २५ सप्टेंबर २०१२

शेवटची ओळ वाचून डोळे भरले.

---

राइनकाठचा | २८ सप्टेंबर २०१२

मी जर्मनीत असतो, या जूनमध्ये सामोआ-सुर-सेनच्या जत्रेला जाऊन आलो. जत्राच म्हणतो, उत्सव म्हणवत नाही. जँगो शेवटची दोन वर्षं या गावात राहिला, नदीवर मासे धरायचा, चित्रं काढायचा, इथल्याच कबरस्तानात आहे. १९६८ साली पहिल्यांदा कार्यक्रम झाला, १९८३ पासून दरवर्षी. सेन नदीतल्या बेटावर मंच होता. पण खरी मजा मंचाबाहेर. झाडाखाली चार गिटारी, गिटार बनवणाऱ्यांच्या तंबूत सहा, वाहनतळावर दहा. कोण कुठला, कुणी विचारत नाही. 'मायनर स्विंग?' एवढंच. मी जपानी, पोलिश आणि एका आजोबांच्या मध्ये बसून ठेका धरला. आजोबांनी माझा हात धरून थोडा खाली ओढला. सैल सोड, एवढंच सांगायचं होतं त्यांना. त्या एका ओढण्यानं माझं वर्षभराचं काम झालं.

तारसप्तक, पुढच्या जूनला या. राहायची सोय माझ्याकडे.

---

अरण्यवाट | ६ ऑक्टोबर २०१२

धागा वर काढतोय. काल फ्रान्सच्या घटना परिषदेनं १९६९ च्या कायद्यातली काही कलमं रद्द केली. १९१२ चा कायदा जाऊन हा आला होता. ज्या फिरस्त्यांना नियमित उत्पन्न नाही त्यांना दर तीन महिन्यांनी पोलिसांकडे पुस्तकावर शिक्का घ्यावा लागत होता, ते गेलं. मत देण्यासाठी एकाच गावाशी सलग तीन वर्षं नोंद असण्याची अटही गेली. बाकीच्यांसाठीचं पुस्तक मात्र या निकालानं गेलं नाही. सगळं सुटलं नाही, पण सिनेमा लागायच्या तोंडावर ही बातमी यावी याचं मला फार बरं वाटलं. सेनताई, तिकडे लोक काय म्हणताहेत?

---

सेनकाठची | ७ ऑक्टोबर २०१२

अरण्यवाट, आज रविवार, मी आत्ताच सँत-उआँहून आले. बारमध्ये यावर कुणी भाषण केलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खिशातून ते पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, शेजारच्याला पानं उलटून शिक्के दाखवले, आणि पुन्हा खिशात घातलं. म्हणाले, सवय आहे, आज तरी बरोबर असू दे.

तिकीट काढलंय. पहिल्या दिवसाचा संध्याकाळचा खेळ. त्या 'घरी गाणाऱ्या' बाईंना विचारलं, येता का? त्या म्हणाल्या, दिलेला वेळ पाळायला जमलं तर येते. मी दोन तिकिटं काढली आहेत.

तारसप्तक, कॅमेरा हातावर किती वेळ थांबतो ते घड्याळ लावून बघणार आहे. मांडवी, व्हायोलिन दिसलं की तुम्हाला पहिलं कळवते. रात्री उशीर होईल, पण आल्याबरोबर इथेच लिहीन.